नारळ न फोडणारे आमदार

आमच्या घरी नारळ फुटतो तो फक्त चटणीसाठी. आजोबांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली, त्या दिवसापासून देवापुढे, उंबऱ्यावर, नव्या गाडीच्या चाकापाशी नारळ फोडणं आमच्याकडे बंद झालं ते झालंच. आणि तरीही मी बारा वर्षं खांद्याच्या पिशवीत नारळ घेऊन हिंडलो. मी ज्या आमदारांचा स्वीय सहायक होतो, त्यांना कुठल्या गावात कधी नारळ लागेल याचा नेम नसे, आणि आयोजकांनी आणलेल्या नारळावर त्यांचा काडीचा विश्वास नसे.

गंमत अशी, की स्वतःच्या हाताने त्यांनी एकही नारळ फोडला नाही. पंधरा वर्षांची आमदारकी, शेकडो उद्घाटनं, आणि नारळ शून्य. फोडला तो एकच, आमदारकी गेल्यावर. तो नारळ माझ्या मोठ्या बहिणीने आणलेला होता, आणि त्याच्यामागे तिची विहीर होती. मला सांगायचं आहे ते खरं तर त्या एका नारळाचं. पण भाऊ कळल्याशिवाय तो नारळ कळायचा नाही.

भाऊ म्हणजे हेच आमदार. सगळा मतदारसंघ त्यांना भाऊ म्हणायचा. विरोधक 'उलटे भाऊ' म्हणायचे. रस्ता असो, पूल असो, सभागृह असो, कोनशिलेपुढे उभं राहिलं की भाऊ आधी इंजिनिअरला बाजूला घेऊन विचारायचे, "कर्जातून का?" तो बिचारा म्हणायचा, "हो साहेब, पण व्याज कमी आहे." पुढचं ते ऐकत नसत. वळून गर्दीतलं सगळ्यात लहान लेकरू हुडकायचे, मला पिशवीतला नारळ काढायला लावायचे आणि त्या लेकराच्या हातात द्यायचे. "फोड बेटा. आम्ही काय, चाललो मरून. फेडायचं तुलेच आहे."

एकदा मंत्री आले होते सिमेंटच्या रस्त्याला. गर्दीत सगळ्यात लहान म्हणजे आठ महिन्यांची एक पोर, आईच्या कडेवर. भाऊंनी तिची मूठ नारळाला लावली आणि आईला म्हणाले, "तिच्या नावानं तुम्ही फोडा." आईने फोडला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मंत्रिमहोदयांचं हसू फोटोत अर्धवट राहिलं. परतताना जीपमध्ये मी म्हटलं, "भाऊ, आपल्याच सरकारचा मंत्री होता." ते म्हणाले, "मग? मी भांडण थोडीच केलं गुरुजी? ज्याचं देणं, त्याचा मान."

मला ते गुरुजी म्हणत, कारण मी मूळचा टायपिंग शिकवणारा. एका पत्रातल्या अठरा चुका मी लाल शाईने दाखवल्या म्हणून त्यांनी मला उचलला. "आमच्याकडे चुका दाखवणारा माणूस नाही, हो म्हणणारे ढिगानं आहेत," असं म्हणाले. मला फार मोठेपणा वाटला होता तेव्हा. पुढे बारा वर्षांत स्वल्पविरामाच्या चुका मी त्यांना पुष्कळ दाखवल्या. याहून मोठी चूक दाखवायची वेळ आली तेव्हा माझी जीभ टाळ्याला चिकटली, ते येईलच पुढे.

त्यांचा स्वभाव सांगायचा तर टपरीवर आधी पैसे देत आणि मग चहा पीत. चहावाला म्हणायचा, "भाऊ, पिऊन तं घ्या." "पिल्यावर दिले तर तेवढा वेळ मी तुझा कर्जदार," हे उत्तर. हप्त्यावर काही घेतलं नाही. त्यांच्या घरी मे महिन्याच्या उन्हातही कूलर यायला चार वर्षं लागली, कारण पैसे साठायला चार वर्षं लागली. वहिनी त्या चार उन्हाळ्यांबद्दल अजूनही बोलतात, आणि त्यांचं बोलणं इथे लिहिण्यासारखं नाही.

कायदे आणि नियम या गोष्टींचा मात्र त्यांना मनापासून राग होता. त्याला कारण होतं. त्यांच्या वडिलांचा नागपूरच्या गांधीबागेत कापडाचा धंदा, आणि दुकानामागे सूत रंगवायची छोटीशी शेड. एक दिवस तपासणीचे साहेब आले. कामगारांच्या शेडच्या भिंतींना ठरावीक मुदतीत चुना मारायचा आणि तो मारल्याची नोंद एका वहीत ठेवायची, असा नियम. भिंती चुन्याने लख्ख होत्या. वहीच नव्हती. वडील म्हणाले, "साहेब, भिंत पांढरी दिसून राहिली नं?" साहेब म्हणाले, "भिंत दिसते, वही दिसत नाही." तीन आठवडे शेडला कुलूप. वडील रोज बंद दाराशी खुर्ची टाकून बसायचे, आणि रंगारी येऊन त्यांच्याशेजारी उकिडवे बसायचे, जायला दुसरी जागा नाही म्हणून. भाऊ तेव्हा शाळेत होते. ही गोष्ट मी त्यांच्या तोंडून किमान पन्नास वेळा ऐकली, आणि प्रत्येक वेळी खुर्चीपाशी आले की त्यांचा आवाज बसायचा.

'भिंत दिसते, वही दिसत नाही' हे वाक्य त्यांनी विधानसभेत इतकं वापरलं की समोरच्या बाकावरचे ते आधीच म्हणून मोकळे होत.

झाडांचे ते शत्रू होते असं पेपरवाले लिहीत. साफ खोटं. घरामागच्या कडुलिंबाला रोज सकाळी स्वतः पाणी घालणारा माणूस तो. त्यांना राग होता सरकारी वृक्षारोपणाचा. एका शाळेत सलग तिसऱ्या वर्षी त्यांना झाड लावायला बोलावलं, तर हे खड्ड्यात वाकून बघत म्हणाले, "हा तं ओळखीचा खड्डा आहे! मागच्या वर्षीचं झाड कुठं गेलं?" मुख्याध्यापकांनी वृक्षारोपणाच्या बोर्डाकडे बोट दाखवलं. "झाड कोणाचं तरी असलं की जगते," भाऊ म्हणाले. "सगळ्यांचं असलं की त्याच्यावरचा बोर्ड जगते." मग मात्र त्यांनी ते झाड एका मुलीच्या नावावर करून दिलं, तोंडी, सगळ्यांसमोर. ते झाड आज शाळेच्या कौलांच्या वर गेलंय. मी मुद्दाम बघून आलो.

तर असे भाऊ. आणि अशा भाऊंसमोर हिवाळी अधिवेशनात ते विधेयक आलं.

डिसेंबरात अख्खं सरकार नागपुरात येतं आणि आम्हां लोकांची झोप जाते. त्या वर्षी रंगाईच्या छोट्या कारखान्यांवर नवे निर्बंध आणणारं विधेयक होतं. सांडपाण्याच्या परवानग्या, दर महिन्याच्या नोंदी, तपासणीचे अधिकार, चाळीस पानं. भाऊंनी ते वाचलं आणि त्यांना वडिलांची खुर्ची दिसली. "गुरुजी, बसा लिहायला," म्हणाले. दोन दिवस ते सांगत होते आणि मी टंकत होतो. कामठीच्या मागावर चालणारं सूत हे छोटे रंगारी रंगवतात; हे बंद पडले तर माग बंद पडतील; आणि वर हा कारभार चालवायला सरकार पुन्हा कर्ज काढणार. भाषण उत्तम होतं. इतकं नेमकं ते आधी कधी बोलले नव्हते.

आणि मला माहीत होतं की माझ्या बहिणीच्या विहिरीचं पाणी लाल झालंय.

माझी बहीण शेवंता कुहीकडच्या एका खेड्यात दिलेली. चार एकर धानाची शेती, बांधाशी विहीर, आणि विहिरीला लागून नाला. त्या नाल्यावर, गावाच्या वर, एकच रंगाईचा कारखाना होता. तो भाऊंचा. म्हणजे भाऊंच्या वडिलांच्या नावाचा. शहरातली शेड बंद करून वाटणी झाली तेव्हा दोघा भावांनी नाल्यावरची ही जागा अर्धी अर्धी घेतली होती, आणि कारखाना चालवायचे थोरले बंधू. भाऊ तिकडे वर्षातून एकदा, दसऱ्याला जायचे.

दिवाळीला मी बहिणीकडे गेलो तेव्हा तिने विहिरीतून बादली काढून माझ्यापुढे ठेवली. पाणी रूह अफजासारखं दिसत होतं. बैल तोंड लावत नव्हता. नाल्याकडच्या दोन बांध्यांतला, म्हणजे खाचरांतला, धान उभ्याउभ्या पिवळा पडला होता. पिण्याचं पाणी ती दीड किलोमीटरवरून डोक्यावर आणत होती, साठीला टेकलेली बाई.

"काहून गा," ती म्हणाली, "तूच लिवते नं त्याचे भाषनं?"

"मी फक्त टाइप करतो, बाई." मोठ्या बहिणीला आम्ही बाईच म्हणतो.

"मंग टाइप कर नं का माह्या बहिनीची हीर लाल झाली."

मी हो म्हणालो. आणि नागपूरला येऊन बोललो नाही. का, ते आता सांगायला लाज वाटते. नोकरीची भीती होतीच. पण त्याहून जास्त अशी भीती होती की मी सांगेन आणि भाऊही इतरांसारखे 'बघतो' म्हणतील. मग बारा वर्षं मी ज्या माणसाचा नारळ वागवला, तो कोण होता असं मला विचारावं लागलं असतं. त्यापेक्षा मी भाषणातले स्वल्पविराम तपासत बसलो.

भाषणाच्या आदल्या सकाळी शेवंताबाई स्वतःच आली. भाऊंच्या घराच्या पुढच्या खोलीत ऑफिस. तिथे वीसेक माणसं बसलेली. ही पहिल्या एस.टी.ने निघालेली, पायात स्लिपर, हातात कापडी पिशवी. तिला पाहून मी उभाच राहिलो.

"गुरुजी, कोण हो?" भाऊंनी विचारलं.

"माझी मोठी बहीण."

"मग खुर्ची द्या नं! बसा बाई. बोला, काय काम काढलं?"

ती बसली नाही. पिशवीतून तिने एक पाण्याची बाटली काढून टेबलावर ठेवली. आत लाल पाणी. आणि तिच्याशेजारी नारळ ठेवला.

"आमच्या घरी नारळाचं काई नस्ते, भाऊ," ती म्हणाली. "हा तुमच्यासाठी इकत आनला. तुमी म्हंता, आज मजा करून लेकराच्या नावावर ठेवनं म्हंजे कर्ज. हे माह्या हिरीचं पानी हाय. वरून तुमच्या कारखान्याचं येऊन राह्यलं. माही नात पाच वर्साची हाय. तिनं ह्या पान्याचं काई खाल्लं नाई, काई घेतलं नाई. तं मले सांगा, ह्या नाल्याचा नारळ कोनाच्या हातात द्याचा?"

मी भाऊंकडे बघू शकलो नाही. टेबलाच्या कडेचा उडालेला सनमायका बघत होतो.

भाऊंनी बाटली उचलली, उजेडात धरली, झाकण काढून वास घेतला. मग माझ्याकडे वळले. "गुरुजी, तुम्हाले माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

त्यांनी बाटलीचं झाकण घट्ट लावलं. मला वाटलं, संपलं. मग अगदी हळू म्हणाले, "पत्रातल्या अठरा चुका दाखवल्या होत्या तुम्ही मले." एवढंच. बारा वर्षांत ते मला एकदाही रागावले नव्हते, आणि त्या दिवशीही नाही. रागावले असते तर बरं झालं असतं.

त्याच दुपारी आम्ही तिघं जीपने कारखान्यावर गेलो. थोरल्या बंधूंनी चहा मागवला, कपाट उघडलं आणि टेबलावर फायली रचल्या. परवाने, पावत्या, तपासणीच्या नोंदी. जुन्या नियमांप्रमाणे सगळं जागच्या जागी, सह्या-शिक्क्यांसकट. "एक कागद कमी नाही, पाह्यून घे," ते म्हणाले. "बाबांचं झालं तसं मी होऊ देईन का?"

भाऊंनी लाल बाटली त्या वह्यांवर ठेवली. "वही दिसून राहिली, दादा," ते म्हणाले. "विहीर पाहायला चाल."

दादा गेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सभागृहात भाऊ उभे राहिले. मी अधिकाऱ्यांच्या गॅलरीत, हातात त्या भाषणाची प्रत. त्यांनी भाषण खिशातून काढलंच नाही. म्हणाले, "ह्या चाळीस पानांच्या मी आजही विरोधात आहे. ह्याच्यानं वह्या वाढतील, पाणी साफ होणार नाही. माझ्या घरच्या कारखान्याच्या वह्या साफ आहेत आणि खालच्या बाईची विहीर लाल आहे. अध्यक्ष महोदय, ही चाळीस पानं काढा आणि एक ओळ टाका. ज्या कारखान्यानं नाल्यात पाणी सोडलं, त्यानं आपल्या कामाचं पाणी त्याच नाल्यातून घ्यावं, आणि आपल्या सांडपाण्याच्या मोरीच्या खालच्या अंगानं घ्यावं. बस. मग इन्स्पेक्टरही नको आणि त्याच्या पगारासाठी कर्जही नको."

सभागृह हसलं. त्यांच्या बाजूचे जरा जास्तच. दुरुस्ती मताला टाकली तेव्हा 'हो' म्हणणारा आवाज एकच आला, खणखणीत. चाळीस पानं जशीच्या तशी मंजूर झाली.

मला वाटलं, झालं. बोलून मोकळे झाले. पण भाऊ नुसतं बोलून मोकळं होणाऱ्यातले नव्हते. वाटणीत कारखान्याची बोअरवेल त्यांच्या अर्ध्या जागेत आली होती. शनिवारी सकाळी ते स्वतः गेले आणि बोअरच्या खोलीला कुलूप लावून किल्ली खिशात टाकली. "दादा, पंप नाल्यावर लाव. मोरीच्या खाली."

आता रंगाईला पाणी लागतं नितळ. नाल्याच्या पाण्यात पिवळं सूत बुडवलं तर ते मळकट निघालं. गुलाबी काढलं तर विटकं. दोन गाड्या माल परत आला, आणि कारखाना बंद पडला. बंधूंनी शिव्या दिल्या, नातेवाईक मध्ये घातले, वहिनींना फोन करून रडले. रंगारी भाऊंच्या दारात येऊन उकिडवे बसले, अगदी वडिलांच्या वेळी बसले होते तसे. त्या दिवशी भाऊंना जेवण गेलं नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं. ते बाहेर येऊन त्या लोकांच्या शेजारी जमिनीवर बसले. पण किल्ली दिली नाही. कारखाना बंद होता तेवढे दिवस त्यांनी रंगाऱ्यांची मजुरी स्वतःच्या घरून दिली, आणि वहिनींच्या दुसऱ्या कूलरचा विषय कायमचा मिटला.

शेवटी बंधूंनी हौद बांधले, गाळणी बसवली. सरकारच्या धाकाने नव्हे, पिवळ्या सुताच्या काळजीने. पण त्यांनी भाऊंशी बोलणं टाकलं ते टाकलंच. त्यानंतरच्या दिवाळीत थोरल्या घरून दरवर्षीचा फराळाचा डबा आला नाही. पुढच्या निवडणुकीत भाऊंचं तिकीट कापलं गेलं. कोणी कापायला लावलं ते सगळ्यांना ठाऊक होतं. भाऊंनी कधी नाव घेतलं नाही. डब्याचं मात्र दर दिवाळीला विचारायचे वहिनींना. "आला का?"

दोन पावसाळे गेले. मग एक दिवस बहिणीचा फोन आला. "भाऊले घेऊन ये गा. हीर पाहाले."

जीप केव्हाच विकली होती. माझ्या स्कूटरवर मागे बसून आले, सत्तरीचा माणूस. विहिरीवर गेलो तर बाईने बादली वर काढून ठेवलेली. नितळ पाण्यातून बादलीच्या तळाचा जस्ताचा जोड दिसत होता. भाऊंनी लोटा भरला, ओठांपर्यंत नेला आणि थांबले.

"बाई, पाण्याचा तपासणीचा कागद आहे का?"

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. बहिणीने पदराची गाठ सोडून कॉलेजच्या प्रयोगशाळेचा कागद काढला. जन्मभर कागदांना शिव्या देणाऱ्या माणसाने तो चष्मा लावून, ओळ न् ओळ वाचला. "सांगू नका हो कोणाले, गुरुजी," म्हणाले, आणि लोटाभर पाणी गटागटा प्याले.

मग बाईने घरातून नारळ आणला आणि त्यांच्या हातात दिला. "हा तुमचा."

भाऊंनी नारळ विहिरीच्या कठड्यावर आपटला. फुटला नाही. पुन्हा आपटला, हातातून निसटून बांधावर घरंगळला. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, की ह्यांना नारळ फोडताच येत नाही. पंधरा वर्षं दुसऱ्यांच्या हातात देत आले. शेंडी कुठे धरायची, घाव कुठे घालायचा, काही माहीत नाही. बोटाला खरचटलं, रक्त आलं.

बहिणीची नात हे सगळं बघत उभी होती. ती आता सात वर्षांची. तिने नारळ उचलून आणला आणि म्हणाली, "आजोबा, मी फोडू? मले येते."

भाऊंनी तिच्याकडे पाहिलं. नारळ तिच्या हातून काढून घेतला.

"नाही बेटा," ते म्हणाले. "हा मलेच फोडू दे."

पाचव्या घावाला फुटला. पाणी सगळं त्यांच्या धोतरावर. बहीण वाट्या उचलून आत गेली आणि खोबरं पाट्यावर टाकलं, कारण आमच्या घरी नारळ फुटतो तो चटणीसाठी. भाऊंनी विहिरीच्या कठड्यावर बसून त्या चटणीशी दोन भाकरी खाल्ल्या. निघताना उरलेली चटणी मागून घेतली, वहिनींसाठी असेल असं मला वाटलं. वाटेत म्हणाले, "गुरुजी, स्कूटर जरा दादाकडे घ्या. त्यानं डबा पाठवला नाही तर काय झालं? आपण नेऊ."